नव्या खाऱ्या टाकीत कोळंबी जगवताना

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत मासे तग धरतात आणि कोळंबी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी दगडाआड आडवी पडलेली सापडते, हा अनुभव या छंदात नव्याने आलेल्या पुष्कळांच्या वाट्याला येतो. दुकानदार ‘जातच नाजूक आहे’ असे म्हणून मोकळा होतो, आपण दुसरी आणतो, आणि टाकीत काहीच बदललेले नसल्यामुळे तीही जाते. माझ्या पहिल्या दोन क्लीनर कोळंब्या अशाच गेल्या. तिसरी टिकली, कारण ती आणण्यापूर्वी मी तीन महिने थांबलो होतो आणि तिला टाकीत सोडायला अडीच तास घेतले होते. पुढील सूचना मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या घरात साधारण शंभर लिटरची पहिली टाकी मांडणाऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आधी कोळंबीच्या शरीराविषयी थोडे समजून घ्यावे लागते, कारण बहुतेक सगळी खबरदारी त्यातूनच निघते. समुद्रातले बहुतेक मासे आपल्या रक्तातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखतात आणि त्यासाठी त्यांचे कल्ले व मूत्रपिंडे सतत राबत असतात. म्हणून पाण्याची क्षारता थोडी इकडेतिकडे झाली तरी ते काही काळ निभावून नेतात. प्रवाळखडकांत राहणाऱ्या कोळंबीला ही सोय फारशी नाही. तिच्या अंगातला द्रव जवळजवळ बाहेरच्या पाण्याइतकाच खारट असतो, त्यामुळे पाणी अचानक गोडे किंवा खारे झाले की त्याचा धक्का थेट शरीराच्या आत पोहोचतो. शिवाय तिला वाढायचे म्हणजे अंगावरचे कवच वेळोवेळी टाकून द्यावे लागते, आणि नेमके त्याच वेळी ती सर्वांत दुबळी असते. म्हणून क्षारता 1.024 असावी की 1.026 असावी (हे आकडे विशिष्ट गुरुत्वाचे, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत खारे पाणी किती जड आहे याचे) यावर वाद घालण्यापेक्षा आज जी आहे तीच उद्या राहील याची व्यवस्था करणे मला अधिक मोलाचे वाटते.

कोणती कोळंबी घ्यावी

पहिली कोळंबी म्हणून क्लीनर श्रिंप घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रीय नाव लायस्माटा अँबोइनेन्सिस. लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, लांबलचक पांढऱ्या मिशा आणि साधारण पाच-सहा सेंटिमीटर लांबी. ही माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली त्वचा खाते, हातातून खाद्य घ्यायला लवकर शिकते, आणि दिवसा उजेडात समोर येऊन बसते, त्यामुळे तिचे बरेवाईट आपल्या लक्षात येते. पेपरमिंट श्रिंपही काटक आहे, पण ती रात्री फिरणारी असल्याने ती जिवंत आहे की नाही हे कळायलाच आठवडा जातो.

कोरल बँडेड श्रिंप दिसायला देखणी असली तरी तिचे लांब चिमटे शोभेसाठी नसतात. लहान टाकीत ती इतर कोळंब्यांना जगू देत नाही. हार्लेक्विन श्रिंप नवशिक्याने घेऊच नये. ती तारामासे खाऊन जगते, आणि दर काही दिवसांनी जिवंत तारामासा पुरवणे घरगुती टाकीत कुणाला परवडणार? दुकानात ती स्वस्तात मिळाली तरी मोह आवरावा.

सोबतीचे मासे आधीच ठरवून ठेवावेत. ट्रिगर, लायनफिश, पफर आणि हॉकफिश यांच्या लेखी कोळंबी हे अन्न आहे; क्लाउनफिश किंवा लहान गोबी चालतात. (घरातल्या मंडळींच्या लेखीही ती अन्नच असते. ‘कालवण कधी?’ हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि दर वेळी आपल्यालाच विनोद सुचला असे त्याला वाटते.)

पाणी

समुद्र अर्ध्या तासावर आहे म्हणून कॅन भरून पाणी आणावे, हा विचार कोकणपट्टीतल्या प्रत्येक नवशिक्याच्या मनात एकदा येतोच. मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी सांडपाणी आणि तेलाने दूषित असते, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचे गोडे पाणी मिसळून त्याची क्षारता कुठच्या कुठे जाते. दुसरा विचार येतो तो मिठाचा. उरण-पेणकडच्या मिठागरांतले खडे मीठ समुद्रापासूनच बनते, मग ते पाण्यात विरघळवले तर समुद्राचे पाणी का होऊ नये? कारण मिठागरात सोडियम क्लोराइडचे स्फटिक बाजूला निघतात आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम यांसारखे बरेचसे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात, तर कॅल्शियमचा मोठा भाग त्याआधीच तळाशी बसलेला असतो. कोळंबीला कवच बनवायला जे लागते तेच त्या मिठात नसते. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले कृत्रिम सागरी मीठच घ्यावे. लिटरमागे साधारण 35 ते 38 ग्रॅम लागते, नेमके प्रमाण पिशवीवर दिलेले असते.

हे मीठ ज्या पाण्यात विरघळवायचे ते पाणी हा खरा कळीचा मुद्दा आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरच्या पाण्यात काय असेल याचा नेम नसतो, म्हणून आरओ (पडद्यातून पाणी गाळणारे यंत्र) आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषणारे डीआय रेझिन लावून टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर, शून्य दाखवणारे पाणी वापरावे. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणी चालेल का, असे अनेक जण विचारतात. बहुतेक घरगुती यंत्रांत चव येण्यासाठी खनिजे परत मिसळली जातात, आणि अलीकडच्या कित्येक यंत्रांत तर पाण्यात तांबे सोडणारे काडतूस मुद्दाम बसवलेले असते. माणसाला चालणारे ते तांबे कोळंबीला मात्र मारते. गंमत अशी की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो पदार्थ असतो त्यात तांबेच असते, पण बाहेरच्या पाण्यात त्याचा अंश जरा वाढला की तेच तिच्यासाठी विष ठरते. याच कारणाने टाकीचे पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा कळशीत साठवू नये, पितळी तोटीतून घेऊ नये, आणि एसीमधून ठिबकणारे पाणी ‘वाफेचेच तर आहे’ म्हणून वापरू नये. ते तांब्याच्या नळ्यांवरून ओघळून आलेले असते.

मीठ विरघळवण्यासाठी अन्नपदार्थांसाठीचा प्लास्टिकचा ड्रम घ्यावा, त्यात पाणी ढवळणारा छोटा पंप सोडावा आणि मिश्रण किमान चोवीस तास फिरू द्यावे. मग रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) क्षारता मोजावी: दर हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.026. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही. 35 क्षारतेचे तयार द्रावण बाटलीत मिळते, त्यावर तो जुळवून घ्यावा. काट्याचे स्वस्त प्लास्टिकचे हायड्रोमीटर मी कचऱ्यात टाकले, कारण त्याच्या काट्यावर हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलत असे.

टाकी मुरू देणे

लोणचे घातल्या दिवशी खात नाहीत, तशीच टाकी भरल्या दिवशी वापरायची नसते. प्राण्यांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांच्या आणि वाळूच्या पृष्ठभागावर हळूहळू वसतात, त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर टाकीत सोडलेला प्रत्येक जीव स्वतःच्याच घाणीत गुदमरत असतो.

जिवाणूंना खाद्य म्हणून सुरुवातीला अमोनिया आपणच पुरवायचा असतो. शंभर लिटरच्या टाकीत बाजारातली एक कच्ची कोळंबी जाळीच्या पिशवीत बांधून सोडली आणि कुजू दिली की काम भागते, फक्त आठवडाभर घरात वास सहन करावा लागतो. (कोळंबी जगवण्याच्या तयारीसाठी कोळंबीच कुजवायची, हे थोडे विचित्र वाटते खरे.) वास नको असेल तर अमोनियम क्लोराइडचे मोजके द्रावण मिळते, त्याने अमोनिया 2 पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) न्यावा. दर दोन दिवसांनी चाचणी संचाने मोजत राहिले की आधी अमोनिया चढून उतरतो, मग नायट्राइट चढून उतरते. घातलेला 2 पीपीएम अमोनिया चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले म्हणजे पहिला टप्पा झाला. तेव्हा भरपूर पाणी बदलून नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली आणावे.

येथे बहुतेक जण घाई करतात. दुकानात मला ‘पंधरा दिवसांत सगळे सोडा’ असे सांगण्यात आले होते आणि मी ते मानले. वास्तविक अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे हे चक्र पूर्ण झालेली टाकीही पहिले काही आठवडे अस्थिर असते: काचांवर आणि वाळूवर तपकिरी थर येतो, मग हिरवे शेवाळ येते, पीएच दिवसा चढतो आणि रात्री उतरतो. या काळात शेवाळ खाणाऱ्या दोन-चार गोगलगायी आणि नंतर एखादा मासा सोडून टाकीला भार पेलू द्यावा. शेवाळ मारणारे औषध मात्र कधीही घालू नये, कारण अशा कित्येक औषधांत तांबेच असते. कोळंबी टाकी भरल्यापासून दोन-तीन महिन्यांनीच आणावी.

दगडांविषयी एक कायदेशीर बाब सांगितलीच पाहिजे. दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षण आहे, म्हणून किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणू नये. कोरडे किंवा कारखान्यात बनवलेले सच्छिद्र दगड घ्यावेत. दुसऱ्याची वापरलेली टाकी, वाळू किंवा दगड घेताना तीत माशांच्या आजारासाठी तांब्याचे औषध कधी घातले होते का, हे विचारून घ्यावे. दगड आणि वाळू ते तांबे शोषून घेतात आणि पुढे पुष्कळ काळ सोडत राहतात.

खरेदी आणि टाकीत सोडणे

दुकानात कोळंबी निवडताना तिच्या मिशा शाबूत आहेत का, ती पायांवर उभी राहून चालते का, आणि खाद्य टाकल्यावर त्याकडे वळते का, एवढे पाहावे. शरीर पारदर्शकपणा सोडून दुधाळ दिसत असेल तर घेऊ नये. कालच आलेला माल आज घेऊ नये. पैसे देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगणे शहाणपणाचे ठरते.

पिशवी घरी आणल्यावर आधी त्यातल्या पाण्याची क्षारता मोजावी. अनेक दुकाने मीठ वाचवण्यासाठी आणि माशांवरचे परजीवी आटोक्यात ठेवण्यासाठी क्षारता कमी ठेवतात; पिशवीत 1.020 आणि टाकीत 1.026 असा फरक मिळणे मुळीच दुर्मीळ नाही. असा फरक असताना पिशवी पंधरा मिनिटे तरंगवून कोळंबी सोडून देणे म्हणजे तिला मारणेच आहे, फक्त ती लगेच न मरता दोन दिवसांनी मरते आणि आपल्याला कारण कळत नाही.

सोडण्याची पद्धत ठिबकीची आहे. पिशवीतले पाणी कोळंबीसह एका स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात ओतावे. टाकीतून बारीक नळी काढून तिचे दुसरे टोक डब्यात सोडावे. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा कोरा सेट यासाठी उत्तम, कारण त्याच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येतो. सेकंदाला दोन थेंब ठेवले तर अर्ध्या लिटरचे एक लिटर व्हायला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. पाणी दुप्पट झाले की अर्धे काढून टाकावे आणि पुन्हा तेच करावे. डब्यातली क्षारता टाकीइतकी झाली, की पाचएक मिनिटे डबा टाकीत तरंगवून तापमान जुळवावे आणि कोळंबीला लहान पेल्याने उचलून सोडावे. जाळीत तिच्या मिशा आणि पाय अडकून तुटतात. डब्यातले पाणी टाकीत जाऊ देऊ नये, आणि त्या दिवशी टाकीचा दिवा बंद ठेवावा.

या पद्धतीला एक अपवाद आहे. कोळंबी बाहेरगावाहून कुरिअरने आली असेल आणि पिशवीत दीड-दोन दिवस राहिली असेल, तर त्या पाण्यात अमोनिया साचलेला असतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असल्याने तो अमोनिया काहीसा निरुपद्रवी रूपात असतो. पण पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होतो. अशा वेळी अमोनिया निष्प्रभ करणारे द्रावण डब्यात आधी घालूनच ठिबक सुरू करावी. ते हाताशी नसेल तर वेगळ्या लहान टाकीत पिशवीच्याच क्षारतेचे ताजे पाणी आधीपासून तयार ठेवून कोळंबी त्यात घ्यावी आणि क्षारता पुढच्या काही दिवसांत वाढवत न्यावी.

कात आणि खाद्य

एके सकाळी टाकीच्या तळाशी कोळंबीचे फिकट, निश्चल शरीर दिसेल आणि काळजाचा ठोका चुकेल. हात घालण्यापूर्वी नीट पाहावे. ते पोकळ आणि पारदर्शक असेल, आणि डोक्याचा भाग जेथे शेपटीला जोडतो तेथे पाठीवर फट असेल, तर ती टाकलेली कात आहे. खरी कोळंबी कुठेतरी दगडाच्या कपारीत दडून नवे कवच घट्ट होण्याची वाट पाहत आहे. मेलेली कोळंबी शिजवल्यासारखी अपारदर्शक, गुलाबीसर दिसते. मी पहिल्यांदा कात पाहिली तेव्हा कोळंबी मेली असे समजून सगळे दगड उचकटून पाणी ढवळून काढले आणि खरोखरच जिवंत असलेल्या कोळंबीला त्या घोळात गमावले.

वय, तापमान आणि आहार यांनुसार दोन ते काही आठवड्यांच्या अंतराने हे घडत राहते. कात टाकल्यानंतरच्या दोन दिवसांत दगड हलवू नयेत, पाणी बदलू नये, खाद्य नाकारले तरी चिंता करू नये. टाकलेली कात लगेच काढायची घाई नको. कोळंबी कधी कधी ती कुरतडते. कात अर्धवट अडकून मरणे याचे कारण बहुधा मागच्या दिवसांतला क्षारतेचा किंवा तापमानाचा झटका असतो. आयोडीनच्या बाटल्या यावरचा रामबाण उपाय म्हणून विकल्या जातात, परंतु दर आठवड्याला दहा टक्के पाणी त्याच क्षारतेच्या, त्याच तापमानाच्या नव्या पाण्याने बदलले तर त्या पाण्यातल्या मिठातूनच पुरेसे आयोडीन मिळते. चाचणीशिवाय आयोडीन ओतणे टाळावे.

नव्या टाकीत कोळंबीला आपोआप खायला फारसे काही नसते, ‘ती उष्टे-खरकटे खाऊन जगेल’ ही समजूत चुकीची आहे. एक दिवसाआड गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव) किंवा ताज्या माशाचा मुगाएवढा तुकडा चिमट्याने तिच्यासमोर धरावा, आणि उरलेले तासाभरात काढून टाकावे. बाजारातला सुका जवळा किंवा सोडे देऊ नयेत.

घरातले विष

तांब्याइतकाच दुसरा शत्रू आपल्या घरांत दररोज संध्याकाळी पेटवला जातो. डासांच्या कॉइल, प्लगमध्ये लावायची द्रव औषधे आणि झुरळांचे फवारे यांत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात. झुरळ, डास आणि कोळंबी हे सगळे संधिपादच. जे एकाला मारते ते दुसऱ्याला सोडत नाही. टाकीच्या खोलीत ही साधने वापरू नयेत, मच्छरदाणी लावावी. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने सोसायटीत धूर फवारणी होते त्या दिवशी खिडक्या बंद कराव्यात, टाकीवर ओले टॉवेल घालावेत, आणि खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडणारा एअर पंप व स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारे यंत्र) दोन तास बंद ठेवावेत. पाण्यातला पंप चालू राहू द्यावा. फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी कायम असू द्यावी. टाकीत हात घालण्यापूर्वी साबण, सॅनिटायझर, डोक्याचे तेल यांचा अंश राहणार नाही असे नुसत्या पाण्याने हात खळखळून धुवावेत.

उन्हाळा आणि वीज

पाण्याचे तापमान 24 ते 26 अंश असावे. एप्रिल-मेमध्ये ते सहज तिशीपार जाते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा झोत सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पंखा तितका उपयोगी पडत नाही आणि चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा एसीची खोली यांवाचून गत्यंतर नसते. हा खर्च पेलणार नसेल तर उन्हाळा सरल्यावर, जूनअखेरीस कोळंबी आणावी.

पंखा लावला की बाष्पीभवन वाढते, आणि वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ मागेच राहते. शंभर लिटरच्या टाकीतले पाच लिटर पाणी उडाले की 35 ची क्षारता 36.8 होते. म्हणून टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत बिनमिठाचे आरओ-डीआय पाणी भरावे. चार दिवस दुर्लक्ष करून एकदम पाच लिटर ओतणे म्हणजे तिला क्षारतेचा धक्का देणेच आहे. वीज जाण्याच्या वेळेसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आधीच आणून ठेवावा, कारण पाणी हलायचे थांबले की दगडांवरचे जिवाणूही प्राणवायूसाठी कोळंबीशी स्पर्धा करू लागतात.

पहिली कोळंबी तीन-चार वेळा निर्धोक कात टाकून झाली की दुसरी आणण्यास हरकत नाही. क्लीनर कोळंबीत मोठेपणी प्रत्येक जीव नर आणि मादी दोन्ही असतो, त्यामुळे कोणत्याही दोन प्रौढ कोळंब्यांची जोडी जमते. मात्र लहान टाकीत दोनपेक्षा अधिक ठेवल्या तर कात टाकून मऊ पडलेलीवर इतर तुटून पडतात. जोडी जमली की पोटाखाली हिरवट अंड्यांचे पुंजके दिसू लागतील. पिल्ले रात्री बाहेर पडतात, आणि ती वाढवायला वेगळी टाकी, सूक्ष्म जिवंत खाद्य आणि कित्येक आठवडे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये. टाकीतल्या माशांना त्या रात्री मेजवानी मिळते, आणि आई कात टाकून लगेच पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते.